पुन्हा करून दाखवा : संक्रांतीच्या परसातलं जुनं रसायन



गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'पुरावा म्हणजे काय' या प्रश्नाभोवती बराच फेरफटका मारला. प्रमाण, प्रत्यक्ष, अनुमान हे शब्द इतक्या वेळा आले की काहींना कॉलेजचा वर्ग आठवला असेल. आज शब्द थोडे कमी, वस्तू जास्त. हळद, खायचा चुना, लिंबू, मेणबत्ती, शहाबादी फरशीचा एक तुकडा. रसायनशास्त्राच्या इतिहासातले गाजलेले प्रयोग सणाच्या दिवशी घराच्या परसात पुन्हा करून पाहिले, तर आपल्याला नेमकं काय कळतं, हा आजचा विषय आहे.

सोलापूरकरांना जानेवारीचे ते दिवस वेगळे सांगायला नकोत. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम. शेतांवर हुरडा, घरोघर हळदीकुंकू. याच आठवड्यातल्या एका दुपारी आम्ही काही निवृत्त मंडळी, शेजारपाजारचे लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं परसात जमतो. हुरडा होतो, तिळगूळ होतो, आणि दोन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे चार-पाच प्रयोग होतात. आमच्यात रसायनशास्त्राचा माणूस एकच, बाकी सगळे हौशी. आम्ही स्वतः तत्त्वज्ञानवाले, म्हणजे मदतीपेक्षा शंका काढण्यातच उपयोगी.

दर वर्षी कुणीतरी एक प्रश्न विचारतंच. उत्तर पुस्तकात छापलेलं आहे, तर प्रयोग पुन्हा कशाला करायचा? प्रश्न चांगला आहे. त्याचं 'पाहिलं की विश्वास बसतो' हे नेहमीचं उत्तर मात्र फारच अपुरं आहे. पाहून चुकीच्या गोष्टीवर विश्वास बसलेली माणसं आपल्या आसपास कमी नाहीत. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत.

सणासुदीला रसायन दाखवण्याची कल्पना काही आमची नव्हे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत तरुण श्रोत्यांसाठी व्याख्यानं देण्याची प्रथा १८२५ साली सुरू झाली. मायकेल फॅरडे हा त्यातला सर्वांत लाडका वक्ता. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, पदवी नावाला नाही. १८६०-६१ च्या नाताळात त्याने एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. विल्यम क्रुक्सने ती टिपून पुस्तकरूपाने छापली. म्हणजे बघा, आज आपण ज्या स्वरूपात एकमेकांना भेटतो, बोललेलं कुणीतरी उतरवून घ्यायचं आणि न आलेल्यांनी वाचायचं, तेच हे.

त्यातला एक प्रयोग आम्ही दर वर्षी सुरुवातीला करतो. मेणबत्ती नीट पेटू द्यायची, मग हलकेच विझवायची. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाते. पेटती काडी वातीला न लावता, वातीपासून बोटभर वर त्या रेघेला लावायची. ज्योत उडी मारून खाली येते आणि मेणबत्ती पेटते. वारा नसला पाहिजे, एवढीच अट. मुलं ओरडतात. आम्हांला मात्र न्यायशास्त्र आठवतं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे आपल्याकडचं अनुमानाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत झिजलेलं उदाहरण. धूर हे अग्नीचं चिन्ह. पण फॅरडेच्या या रेघेत जे आहे ते मेणच: वाफ झालेलं आणि हवेत पुन्हा बारीक कणांत गोठलेलं. हा धूर अग्नीचं सरपण आहे. हजार वर्षं ज्याच्याकडे बोट दाखवून आम्ही अग्नी सिद्ध करत होतो, तो धूर पेटवून पाहावा असं काही आमच्या नैयायिकांना सुचलं नाही. असो. त्यांनी दुसरं एक फार मोलाचं हत्यार दिलं आहे. ते शेवटी लागणार आहे.

आता हळदीकुंकवाचं तबक घेऊ. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड अशी तिन्ही घरं आहेत. कुणी हळद म्हणतं, कुणी पसुपु, कुणी अरिशिना. चमचाभर हळद पाण्यात कालवायची आणि त्यात बोटाच्या टोकावर मावेल एवढा खायचा चुना टाकायचा. पिवळ्याचं झटकन तांबडं होतं. लिंबू पिळलं की परत पिवळं. पुन्हा चुना, पुन्हा तांबडं. घरातल्या बायकांना यात नवीन काही नाही. हळदीचा डाग पडलेला सदरा साबण लावल्यावर लाल होतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं.

मग रॉबर्ट बॉईलने नवीन काय केलं? १६६४ साली त्याने रंगांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. व्हायोलेटच्या निळ्या फुलांचा पाक आम्लात लाल होतो आणि अल्कलीत हिरवा, असं त्यात आहे. असा रंगबदल त्याच्या आधीच्या लोकांनीही पाहिला होता. बॉईलने त्याची कसोटी केली. या पाकाला लाल करणाऱ्या सगळ्या वस्तूंचा एक वर्ग, हिरवा करणाऱ्यांचा दुसरा, आणि दोन्ही न करणाऱ्यांचा तिसरा. तोवर जी गंमत होती ती साक्ष झाली. अनोळखी द्रव समोर आला तर न चाखता त्याच्याबद्दल काही सांगता यायला लागलं. आमच्याकडे व्हायोलेट नाही, पण कुंपणावर गोकर्ण आहे. निळ्या गोकर्णाच्या पाच-सात पाकळ्या गरम पाण्यात टाका. लिंबाने जांभळट-गुलाबी, चुन्याच्या पाण्याने हिरवं. बॉईलला हे फूल फार आवडलं असतं.

आता इथे एक गाठ बसते, आणि ती आमच्या शेजारच्या एका आजींनी घातलेली आहे. हळद तांबडी झाली, लिंबाने परत पिवळी झाली. आजी म्हणाल्या, "मग कुंकवावर लिंबू पिळा की. कुंकू हळदीचंच असतंय." पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, आणि तिथलं कुंकू प्रसिद्ध. चिमूटभर कुंकू घेतलं, लिंबू पिळलं. तांबडं ते तांबडंच राहिलं. मुलांचे चेहरे पडले. नियम मोडला!

आता उत्तराच्या दोन वाटा आहेत. बाजारातलं पुष्कळसं कुंकू आज कृत्रिम रंगाचं असतं, त्याचा हळदीशी संबंध नाही. पण जुन्या रीतीने केलेलं कुंकूसुद्धा लिंबाने पिवळं होत नाही, आणि खरी मजा तिथे आहे. जुन्या कृतीत चुन्याऐवजी टाकणखार असतो आणि बरोबर लिंबाचा रस. म्हणजे आम्ल मुळातच घातलेलं आहे. टाकणखारातलं बोरॉन हळदीच्या रंगद्रव्याला, कर्क्युमिनला, जाऊन चिकटतं आणि एक वेगळाच तांबडा पदार्थ तयार होतो. तो लिंबाला दाद देत नाही. उलट त्यावर चुना लावला तर काळपट हिरवट होतो. रसायनाच्या प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात तो याच आधारावर. म्हणजे 'हळद तांबडी झाली' या एकाच दृश्यामागे दोन निराळ्या घटना असू शकतात. डोळ्याला दोन्ही सारख्या. फरक कळतो तो फक्त आजींनी विचारलं तसं पुढचं काहीतरी विचारलं की.

बॉईलबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो रंगांपेक्षा या गोष्टीसाठी जास्त जवळचा आहे. त्याचे प्रयोग वाचताना पाल्हाळाने जीव नकोसा होतो. भांडं केवढं होतं, कुठे गळलं, किती वेळ लागला, कोण उभं होतं. फसलेल्या प्रयोगांवर त्याने १६६१ साली वेगळे निबंध छापले. हे पाल्हाळ मुद्दाम होतं. जो माणूस हजर नव्हता त्याला जणू हजर असल्यासारखं वाटावं आणि जमलं तर त्याने ते करून पाहावं, यासाठी. याच सुमारास थॉमस हॉब्जने त्याच्यावर एक टोला हाणला. तुम्ही म्हणता प्रयोग सर्वांसमोर होतो, पण ती खोली सर्वांना उघडी आहे का? कोण येणार हे ठरवतं कोण? हॉब्जची हवेविषयीची मतं पुढे टिकली नाहीत, पण हा प्रश्न टिकला. त्या खोलीत सगळ्यांना प्रवेश नव्हता. आणि न्याय एकतर्फी नको म्हणून हेही सांगतो, की किमयेच्या बाबतीत बॉईल स्वतः सांकेतिक लिपीत नोंदी ठेवत असे.

आपल्याकडचं चित्र याहून फार वेगळं नव्हतं. तेराव्या शतकाच्या सुमारास 'रसप्रकाशसुधाकर' लिहिणारा यशोधर ठासून सांगतो की आपण ऐकीव काही लिहिलेलं नाही, स्वतःच्या हातांनी केलेलंच लिहिलं आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाचा इतिहास लिहिताना या वृत्तीचं मोठं कौतुक केलं. योग्यच आहे. पण त्याच परंपरेत विद्या गुप्त ठेवण्याची ताकीदही वारंवार येते. 'माझ्या हातांनी केलं' इथपर्यंत आपण आलो होतो. 'तुमच्या हातांनी करून बघा' हे पुढचं पाऊल आहे, आणि ते कुठल्याच संस्कृतीने सहजासहजी टाकलेलं नाही.

आता लिंबातल्या रक्ताकडे येऊ.

कुणावर तरी करणी झाली आहे, असं सांगणारा माणूस लिंबू उतरवतो, मंत्र पुटपुटतो आणि सुरीने लिंबू कापतो. आत लाल रस. घरातली माणसं गारठतात. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांतून असे 'चमत्कार' गावोगाव करून दाखवले, आणि लगेच त्यामागचं गुपितही उलगडलं. लिंबाचं गुपित सोपं आहे. सुरीच्या पात्यावर जास्वंदीचं फूल आधी चोळून वाळवलेलं असतं. जास्वंदीतलं रंगद्रव्य लिंबाच्या आम्लात लालभडक होतं. म्हणजे हा बॉईलचा व्हायोलेट पाकच. त्याच वर्गातली रंगद्रव्यं, तीच प्रतिक्रिया, साडेतीनशे वर्षांपूर्वीचीच.

परसात हा प्रयोग आम्ही पहिल्यांदा केला त्या वर्षी, ओळखीतून आलेल्या एक बाई मागे उभ्या होत्या. लिंबू कापल्यावर त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सर, परत कापा. नाही, मीच कापते." त्यांनी स्वतः फूल चोळलं, स्वतः कापलं. मग साधी सुरी धुऊन घेऊन दुसरं लिंबू कापलं. ते पांढरंच निघालं. मग पुन्हा फूल चोळून. असं सात-आठ लिंबांपर्यंत चाललं. नंतर कळलं की दोन वर्षांपूर्वी मुलाच्या आजारपणात एका माणसाने त्यांच्याकडून असंच एक लिंबू दाखवून गळ्यातलं सोनं नेलं होतं. पोराला दवाखान्यात न्यायलाही त्यामुळे उशीर झाला. मुलगा वाचला, पण त्या दिवशी त्या लिंबांकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर काही आम्ही विसरलो नाही.

त्या बाईंनी जे केलं त्याकडे नीट बघा. दोन्ही वेळा डोळ्यांना तेच दिसलं: लिंबू, सुरी, लाल रस. प्रत्यक्ष प्रमाणाच्या बाजूने पाहिलं तर करणीवाला आणि आम्ही एकाच पायरीवर. फरक एवढाच, की आमच्याकडे त्या 'परत' म्हणू शकल्या, सुरी मागू शकल्या, फूल वगळून बघू शकल्या. त्या माणसाला 'सुरी धुऊन घ्या' म्हणाल्या असत्या तर काय झालं असतं, याची कल्पना आपण सगळेच करू शकतो. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला, आधी अध्यादेश आणि डिसेंबरात कायदा. 'परत करून दाखवा' हे तीन शब्द उच्चारण्याची किंमत कधी कधी एवढी असते.

तिसरा प्रयोग शहाबादी फरशीचा. सोलापुरात जुनं घर म्हणजे शहाबादी आलीच. ओट्यावर लिंबू सांडलं की डाग का पडतो हे घरोघरी माहीत असतं, कारण माहीत नसतं. फरशीच्या तुकड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून कान जवळ नेला तर बारीक फसफस ऐकू येते. फरशी म्हणजे चुनखडक, आणि त्यातून निघतोय तो वायू एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने १७५४ ते ५६ च्या दरम्यान तराजूने पकडला. त्याने त्याला 'बद्ध हवा' असं नाव दिलं, कारण ती दगडात बांधलेली होती. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडक भट्टीत पूर्ण भाजला तर ५६ ग्रॅम चुनकळी उरते. बाकीचे ४४ ग्रॅम गेले कुठे? डोळ्याला काहीच जाताना दिसत नाही. 'काहीच नाही' असं वाटणाऱ्या वस्तूलाही वजन असतं, हे पटवण्याची ती सुरुवात होती.

आम्ही भट्टी लावत नाही आणि चुनकळीला हात लावत नाही. पाणी पडलं की ती उकळते, डोळ्यात उडाली तर डोळा जातो. आमचं काम खायच्या चुन्यावर भागतं. चमचाभर चुना लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा. वरचं स्वच्छ पाणी म्हणजे निवळी. ग्लासात निवळी घ्यायची आणि नळीने हळू फुंकायचं. फुंकायचंच, ओढायचं नाही, हे लहान मुलांना दहा वेळा सांगावं लागतं. मिनिटाभरात पाणी दुधाळ होतं. ती पांढुरकी भुकटी म्हणजे शहाबादीच, पुन्हा तयार झालेली. दगडातून जी हवा निघाली होती तीच आपल्या श्वासात आहे, हे ब्लॅकने असंच दाखवलं. चुन्याने रंगवलेली भिंत काही दिवसांत का घट्ट होते तेही इथेच कळतं. ती हवेतून तोच वायू घेते आणि परत दगड होते.

पुस्तकातला प्रयोग इथे संपतो. एका दहा वर्षांच्या मुलाला मात्र थांबायचं कळलं नाही. तो फुंकत राहिला, फुंकत राहिला, आणि दुधाळ पाणी पुन्हा निवळलं. सगळे म्हणाले, बिघडलं! काही बिघडलं नव्हतं. जास्त वायू मिळाला की त्या भुकटीपासून पाण्यात विरघळणारा पदार्थ होतो. तेच पाणी उकळलं की पांढरा थर परत बसतो. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने गिझरचं काय होतं ते पाहिलेल्यांना हा थर ओळखीचा आहे.

तिळगुळाचा वाटा इथे येतो. तीळ-गूळ खाल्ला, शरीराने जाळला, आणि उरलेला वायू निवळीत आला. मेणबत्तीवर शुभ्र कोरडी बरणी उपडी धरून, ज्योत विझल्यावर त्यात निवळी टाकून हलवली तर तीही दुधाळ होते. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला लव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं, आणि श्वसन म्हणजे संथ ज्वलन आहे असं म्हटलं. फॅरडेनेही मेणबत्तीची आपली मालिका याच तुलनेवर आणून सोडली होती.

प्राणवायूबद्दल थोडक्यात, कारण त्याचा मूळ प्रयोग परसात करण्यासारखा नाही. १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टलीने बारा इंची भिंगाने सूर्यकिरण पाऱ्याच्या लाल भस्मावर एकवटले आणि निघालेल्या हवेत मेणबत्ती झगझगीत जळाली. पाऱ्याची वाफ विषारी, त्यामुळे तो प्रयोग आपण वाचायचा. ऐतिहासिक प्रयोग हुबेहूब करण्याचा हट्ट धरणारे काही लोक असतात. आम्हांला तो पटत नाही. त्याऐवजी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीत थोडं घ्यायचं आणि कच्च्या बटाट्याचे काप टाकायचे. बटाट्यातलं एन्झाइम त्यातून प्राणवायू सोडवतं. निखारा असलेली उदबत्ती बाटलीच्या तोंडातून आत सोडली की ती पेट घेते. हा प्रीस्टलीचा प्रयोग नव्हे, प्रीस्टलीची कसोटी आहे. त्याला जे दिसलं ते 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा' होतं. त्याच वर्षी पॅरिसला जेवणाच्या टेबलावर त्याने ते लव्हाझिएला सांगितलं. लव्हाझिएने पुढे त्याच हवेला आम्ल निर्माण करणारा वायू अशा अर्थाचं नाव दिलं. तेही चुकलंच, कारण प्राणवायू नसलेली आम्लंही असतात. बंगालीत त्याचं भाषांतर अम्लजान झालं. मराठीने प्राणवायू म्हटलं ते बरं केलं.

आता शेवटचा प्रयोग. सगळ्यांत साधा, आणि आमच्या मते सगळ्यांत धोकादायक. आगीमुळे नव्हे, समजुतीमुळे.

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढतं. बायझॅन्टियमच्या फिलोने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हे वर्णन केलेलं आहे. कित्येक शाळांत, कित्येक पुस्तकांत त्याचं स्पष्टीकरण असं: हवेत एक पंचमांश प्राणवायू, तो जळून गेला, रिकाम्या झालेल्या जागेत पाणी चढलं. आणि पाणी खरोखरच साधारण तेवढं चढतं! जमलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने शाळेत हे पाहिलेलं असतं. पाहिलेलं, बरं का. ऐकलेलं नव्हे.

इथे नैयायिकांचं ते हत्यार. धूर तिथे अग्नी हे ठीक, पण अग्नी तिथे धूर असं म्हणता येईल का? नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग इतर ठिकाणी का दिसतो? कारण तिथे ओलं सरपण आहे. हे ओलं सरपण म्हणजे 'उपाधी': आपल्या लक्षात न आलेली, संबंध टिकवून धरणारी लपलेली अट. जुने लोक म्हणत, भूयोदर्शनाने, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहून, व्याप्ती कळते. गंगेशासारख्या नव्यनैयायिकांनी बजावलं की नुसतं पुन्हा पुन्हा पाहणं पुरत नाही, संबंध कुठे मोडतो का ते बघा. शंभर शाळांत शंभर वेळा पाणी चढलं, त्याने कारण सिद्ध होत नाही. उपाधी शंभरही वेळा तिथेच बसलेली होती.

परसात मग आम्ही काय करतो? ग्लास तोच, पाणी तेवढंच, मेणबत्त्या एकाऐवजी तीन. ग्लासातली हवा तेवढीच, प्राणवायू तेवढाच. तर पाणीही तेवढंच चढायला हवं. करण्याआधी आम्ही हात वर करायला लावतो. बहुतेक हात 'तेवढंच' या बाजूने. तीन मेणबत्त्यांनी पाणी ढळढळीत जास्त चढतं. मग मुलं नीट बघायला लागतात, आणि दोन गोष्टी त्यांच्या लक्षात येतात, ज्या आधीही समोरच होत्या. ग्लास उपडा करताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात. आणि पाणी ज्योत जळत असताना सावकाश चढत नाही, ज्योत विझल्यावर झपाट्याने चढतं. प्राणवायू जळण्याने पाणी चढत असतं तर उलटं दिसायला हवं होतं.

घडतं ते असं. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन ज्योती, जास्त उष्णता, जास्त हवा बाहेर. प्राणवायू संपतही नाही. हवेत तो शेकडा २१ च्या आसपास असतो आणि मेणबत्ती १६ च्या आसपासच मान टाकते. जेवढा खर्च होतो त्याच्या बदल्यात दुसरा वायू येऊन बसतो. जळण्यातून झालेली वाफ काचेवर पाणी होऊन बसते, तिचाही थोडा वाटा आहे. पण 'एक पंचमांश' हा निव्वळ योगायोग, आणि योगायोग म्हणूनच इतका घट्ट बसलेला.

या वर्षी एक निवृत्त शाळाशिक्षक हे ऐकून जरा नाराज झाले. त्यांनी तीस वर्षं ते दुसरं स्पष्टीकरण शिकवलं होतं, त्यांच्या हातात दिलेल्या पुस्तकात तेच होतं. ते म्हणाले, "तीन मेणबत्त्यांनी जास्त प्राणवायू जळत नसेल कशावरून?" शंका रास्त होती. तीन ज्योतींनी प्राणवायू जास्त खोलवर संपवला असेल, असं कुणी म्हणूच शकतं. तेव्हा आमच्यातल्या रसायनवाल्यांनी मेणबत्त्या उचलून बाजूला ठेवल्या. ग्लासात कढत पाणी ओतलं, अर्धं मिनिट ठेवलं, ओतून टाकलं, आणि तो गरम रिकामा ग्लास फडक्याने धरून ताटलीतल्या गार पाण्यात उपडा घातला. ज्योत नाही, जळणं नाही, काहीच नाही. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पाणी चढलं. गुरुजींनी ग्लास हातात घेतला आणि म्हणाले, "किटलीत अजून पाणी आहे का?"